गुरुनाथची बोली

खारबावच्या नाक्यावर गुरुनाथचा फ्लेक्स लागला तेव्हा मी रिक्षातून उतरून तो नीट पाहिला. वर सोनेरी अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली', दोन्ही बाजूंना ढग आणि मधोमध निळ्या कोटातला गुरुनाथ. असला कोट त्यानं आयुष्यात घातला नव्हता. फ्लेक्सवाल्यांकडे हे कोट कॉम्प्युटरमध्ये तयार असतात. गेलेल्या माणसाचं डोकं त्यावर बसवलं की तो आपोआप प्रतिष्ठित होतो. खाली शोकाकुल मंडळींचे इतके फोटो होते की यातला नेमका गेला कोण, असा प्रश्न परक्या माणसाला पडला असता. पण मला खटकलं ते निराळंच. फोटो छातीपर्यंत कापला होता. गुरुनाथला हातच नव्हते.

त्याला ओळखणाऱ्या कुणालाही हा फोटो अर्धा वाटला असता. गुरुनाथ तोंडानं बोलायचा तो नाइलाज म्हणून. त्याचं खरं बोलणं हातांत होतं.

मी निजामपुऱ्यातल्या एका जुन्या वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. वाचनालयाची मागची भिंत आणि शेजारच्या पॉवरलूम कारखान्याची भिंत एकच. आत 'शांतता राखा' अशी पाटी आहे आणि ती पाटी थरथरत असते. आमच्या सभासदांना लूमच्या खटखटीची इतकी सवय झाली आहे, की वीज गेली आणि लूम थांबले की ते पेपरातून दचकून मान वर करतात. गुरुनाथ त्या कारखान्यात जॉबर होता. बंद पडलेला लूम पुन्हा चालता करायचा, हे जॉबरचं काम. आमच्याकडे तो पाणी प्यायला यायचा, कारण कारखान्यातलं पाणी गरम असायचं. भिंतीत वर एक झरोका आहे, त्यातून मला कारखान्याचा तुकडा दिसतो. तिथंच मी त्याला प्रथम बोलताना पाहिलं.

लूम चालू असताना कारखान्यात कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू जात नाही. त्यामुळे तिथल्या माणसांनी आपली एक बोली केली आहे. ती कुणी ठरवून केली नाही. तिला लिपी नाही आणि तिचं साहित्य संमेलन भरत नाही, त्यामुळे ती सुखात आहे. दोन बोटांची टोकं एकमेकांना लावून फटकन लांब केली की तार, म्हणजे मागावरचं सूत, तुटली. दोन मुठी फिरवून तळवे उघडले की बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपला. पोटावरून हात फिरवला की शेठ आला. बाकी ओठांवरून ओळखायचं. कोण कुठल्या मुलखातून आला आहे याला तिथं महत्त्व नाही. बिहारचा माणूस आणि खारबावचा माणूस ती बोली सारखीच बोलतात. सगळ्यांत चांगली बोलायचा तो गुरुनाथ. कारखान्याच्या एका टोकाला उभा राहून दुसऱ्या टोकाच्या नसीमभाईला तो अख्खा विनोद सांगायचा. नसीमभाई म्हणजे तिथले सगळ्यांत जुने कारागीर. हसताना ते लूमला टेकायचे.

गुरुनाथ खारबावच्या पाटलांपैकी. शेजारच्या पूर्णा गावाकडच्या त्यांच्या जमिनीवर आता गोदामं उभी आहेत आणि त्याचा थोरला भाऊ हरेश त्या गोदामांच्या भाड्यावर गळ्यात साखळी घालून बसतो. असल्या घरातला माणूस लूमवर कशाला जातो, हा गावाला पडलेला कायमचा प्रश्न होता. मीही एकदा विचारला. पाण्याचा पेला पालथा घालत तो म्हणाला, "भाडं खाऊन बसलो तर हातांनी करायचं काय, सर?" सर म्हणू नकोस असं मी त्याला सांगितलं होतं. जिथं पुस्तकं असतात तिथला माणूस सरच असतो, असं त्याचं मत होतं. मी वाद घातला नाही. या वाचनालयात आदरानं हाक मारणारे तसे कमीच येतात.

त्याची मुलगी मानसी जन्मतः बहिरी. पण दीड वर्षाची होईपर्यंत घरात ते कुणाला कळलं नाही. पोरगी हट्टी आहे, हाक मारली तरी बघत नाही, एवढंच सगळे म्हणायचे. मग गावदेवीच्या पालखीत तिच्या अगदी मागे फटाक्यांची माळ लागली. बाकीची पोरं आयांना बिलगली आणि ही मातीत रेघोट्या ओढत राहिली. त्यावर गावातल्या बायका म्हणाल्या, पोर धीराची आहे. गुरुनाथ मला नंतर म्हणाला, "मना तवाच कळलं. ती मान वर करून सगळ्यांची तोंडं बघाया लागली. आमचे नसीमभाई बघतात ना, तशी." पन्नाशी गाठेपर्यंत लूमवाल्यांचे कान खटखटीनं जातात आणि ते कानांचं काम डोळ्यांवर टाकतात. दीड वर्षाच्या पोरीची तीच नजर त्यानं ओळखली होती.

घरात रडारड झाली. त्याच्या आईनं देवीला नवस केला. हरेशनं ओळखी काढल्या. त्या ओळखींतून एका शिबिरात कानाचं मशीन मिळालं. शिबिराचे प्रमुख पाहुणे मानसीच्या कानात मशीन बसवताहेत, असा फोटो फ्लेक्सवर झळकला. मशीन कानात बसण्याआधी फोटो तीनदा घ्यावा लागला, कारण पोरगी पाहुण्यांकडे बघून हसत नव्हती. त्या मशीननं तिला शब्द ऐकू आले नाहीत, नुसता कल्ला ऐकू आला. एका दुपारी तिनं ते काढून तांदळाच्या डब्यात खोल पुरून टाकलं. घरभर शोधाशोध झाली. डब्यात सापडलं तेव्हा गुरुनाथनं ते पुसलं, कपाटात ठेवलं आणि बायकोला, वैशालीला, म्हणाला, "ठेव. कल्ला ऐकायची हौस झाली की पोर मागंल."

पोरीशी तो त्याच्या बोलीत बोलू लागला. त्याच्याकडे दुसरी होती कुठली? कारखान्यातून जे हातांत आलं होतं ते त्यानं घरात आणलं. मानसीचं खेळणं मोडलं, तार तुटली. पोट दुखलं, तार तुटली. आई रागावली, वीज गेली, पावसानं जत्रा रद्द झाली, सगळीकडे तारच तुटायची. जेवण झालं की बीम संपला. झोप आली की लूम बंद. तीन वर्षांची पोर उंबऱ्यात उभी राहून बापाला दिवसभराचा रिपोर्ट द्यायची आणि बाप चप्पल न काढता तिथंच उकिडवा बसून ऐकायचा. वैशाली म्हणायची की घरात दोघं नसून कारखान्याची पाळी बदलते आहे असं वाटतं. तीही शिकली, पण तिची बोटं गुरुनाथइतकी पळायची नाहीत.

संत वगैरे तो नव्हता हे सांगितलं पाहिजे, नाहीतर माझं लिखाणही फ्लेक्ससारखं होईल. तो विड्या ओढायचा, भांडकुदळ होता आणि मुलीच्या बाबतीत त्याला कसलाही पाचपोच नव्हता. पुढं मुलगी सहावीत गेली तरी तिचं दप्तर तो स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा. कॅरममध्ये तिच्याशी हरायला इतक्या उघडपणे चुकायचा की शेवटी तीच चिडायची. बायकोशी भांडण झालं आणि आपली बाजू लंगडी पडली की तो डोळे मिटून घ्यायचा. हातांनी बोलणाऱ्या घरात डोळे मिटणं म्हणजे दार लावून घेणं. मानसीनं ही युक्ती लवकर उचलली. मग घरात असे प्रसंग यायचे की बाप आणि मुलगी समोरासमोर डोळे गच्च मिटून बसली आहेत आणि आधी कोण उघडतं याची वैशाली वाट बघते आहे.

मानसीला शाळेत घालायची वेळ आली. ठाण्याच्या बाजूला कर्णबधिर मुलांची एक शाळा होती. तिथल्या बाईंनी तिला चित्रं दाखवून पाहिली. फाटलेला पतंग, रडणारं बाळ, विझलेला दिवा. तिन्हींना मानसीनं दोन बोटं फटकन लांब केली. मग बाईंनी गणपतीचं चित्र दाखवलं. मानसीनं पोटावरून हात फिरवला आणि शेजारच्या खुर्चीवर सावरून बसली, कारण शेठ आला की कारखान्यात सगळे सावरून बसतात हे तिला बापानं शिकवलं होतं.

बाईंनी शांतपणे लिहिलं की मुलीला वस्तूंमधला फरक कळत नाही, लहान मुलांच्या वर्गात बसवावी.

गुरुनाथ तिथं भांडला. पोरीनं एकही उत्तर चुकवलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानं बाईंना तार म्हणजे काय, बीम म्हणजे काय, हे उभं राहून सगळं समजावलं. बाई ऐकून घेत होत्या. गणपतीचं ऐकून तर त्या हसल्या आणि मघाचं लिहिलेलं त्यांनी खोडलं. आपण जिंकलो असं गुरुनाथला वाटलं. तेवढ्यात बाईंनी विचारलं, ही भाषा येणारी माणसं हिला रोज किती भेटतात? गुरुनाथ म्हणाला, मी आणि हिची आई. बाई म्हणाल्या, "तुम्ही फार सुंदर बोलता हिच्याशी. पण तुम्ही नसलात, तर ही कोणाशी बोलेल?"

हे मला त्यानं वाचनालयात येऊन सांगितलं. पाणी प्यायला नाही, फक्त उभा राहिला. बाईवर तो फार रागावला होता. पोरीला तिथं पाठवणार नाही म्हणाला, आणि काही दिवस पाठवलंही नाही. कारखान्यातही तो गप्प असायचा. म्हणजे हात खिशात. नसीमभाईंनी त्याला चहावर नेऊन विचारलं, "क्या हुआ गुरू, ज़बान कट गई क्या?"

मग एका दुपारी तो आला आणि टेबलाशी बसला. यापूर्वी तो कधी बसला नव्हता.

"सर, ती बाई बोलली त्यात चूक न्हाय."

मी त्याच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला.

"मी पोरीला माझी बोली शिकवली. माझीच. उद्या मी न्हाय ऱ्हायलो तर ती कोनाला काय सांगंल? गणपतीला शेठ बोलंल आनि लोक बोलतील येडी हाय."

त्याच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी नंतर कधी पुन्हा पाहिली नाही, कारण पुढं तो त्या भीतीलाच कामाला लावून मोकळा झाला. त्यानं विचारलं, खुणांच्या खऱ्या भाषेचं पुस्तक आहे का? आमच्याकडे नव्हतं. आमच्याकडे माजी अध्यक्षांच्या गौरवग्रंथाच्या चाळीस प्रती आहेत. मी ठाण्याहून एक पुस्तक मागवून दिलं. पण पुस्तकात हात थांबलेले असतात, बाणांवरून काही कळत नाही, असं म्हणून त्यानं ते आठवड्यात परत केलं. मानसी शाळेत जाऊ लागली. तिथं शनिवारी पालकांचा वर्ग असायचा. त्यासाठी त्यानं ड्युटी बदलून घेतली. जिथं बाकी फक्त आया असायच्या तिथं हा दाढीवाला जॉबर पहिल्या बाकावर बसून बोटं वळवायचा आणि चुकला की मानसी त्याच्या हातावर चापट मारायची. ती ही नवी भाषा त्याच्यापेक्षा भराभर उचलत होती. त्याला याचा थोडा राग यायचा आणि बराच आनंद व्हायचा.

स्वतः शिकून तो थांबला असता तर मी हे लिहिलं नसतं. त्यानं गाव धरलं.

त्याची रीत अशी. तो कुणाला 'माझ्या मुलीसाठी एवढं शिका' असं म्हणाला नाही. भाषण नाही, विनंती नाही. तो मानसीला घेऊन किराणावाल्याकडे जायचा आणि तोंड उघडायचंच नाही असं ठरवून उभा राहायचा. दुकानदार म्हणायचा, बोल गुरू. गुरू हातांनी साखर मागायचा. दुकानदार मीठ द्यायचा. गुरू मान हलवायचा. मागं रांग लागायची, लोक ओरडायचे, तरी हा ढिम्म. शेवटी दुकानदाराला साखरेची खूण यायची, मग चहाची, मग साबणाची. नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना त्यानं 'कुठे', 'थांब', 'पुढे' एवढं शिकवलं. स्टेशनच्या तिकीट खिडकीवर तर त्यानं गाडी सोडली, पण तोंड उघडलं नाही. गावात म्हणू लागले, गुरू बहिरा झाला. तो म्हणायचा, होऊ दे, आता माज्याशी तरी हातानं बोला.

अडली ती त्याची आई. घरात तिला आय म्हणायचे, म्हणून आम्हीही आयच म्हणायचो. आयचा या प्रकाराला सक्त विरोध होता. घरात गुरुनाथनं नियम केला होता, की जेवताना तोंड फक्त खायला, बोलणं हातांनी. आय म्हणायची, "माजं हात भाकरी थापाला हायती, नाचवाला न्हाय." ती पाठ करून जेवायला बसायची. गुरुनाथनं समजावलं, भांडला, अबोला धरला. आयवर काही परिणाम नाही. देवी पोरीला ऐकू आणून देणार आहे आणि तुम्ही मधेच खुणा शिकवून देवीचा अपमान करताय, असं तिचं म्हणणं होतं.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. गुरुनाथ मला मागच्या दारी हात धुवायला घेऊन गेला आणि एकदम थबकला. अंगणात आय आणि मानसी सुक्या बोंबलांच्या टोपलीवरून भांडत होत्या. मांजरानं बोंबील नेला होता आणि राखण कोणी सोडली यावर वाद होता. मानसी भराभर हात चालवत होती. आणि आयही. तिच्या खुणा शाळेतल्या नव्हत्या, कारखान्यातल्याही नव्हत्या. मांजरासाठी ती गालावर मिशा ओढत होती आणि तू उठलीस म्हणून सांगायला स्वतः अर्धी उठून पुन्हा बसत होती. पण मानसीला सगळं कळत होतं, आणि मुख्य म्हणजे मानसी हरत होती. आम्ही दिसलो तसे आयनं हात पदराखाली घेतले. म्हणाली, "मांजर हाकलीत व्हते."

गुरुनाथ हात धुऊन आत गेला. जेवताना त्यानं तीनदा भात घेतला.

हरेशदादाच्या मुलाच्या हळदीला मी गेलो ते गुरुनाथच्या आग्रहामुळे. मला गर्दी सोसत नाही. खारबाव-पूर्ण्याच्या हळदी कशा असतात हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगणं कठीण आहे आणि ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ऐकू येणं कठीण आहे. नवरदेवापेक्षा स्टेज मोठं. हळद लागायच्या आधी सत्काराचा कार्यक्रम होता. तालुक्यातले एक पुढारी आले होते. त्यांना शाल आणि नारळ देण्यात आला आणि त्यांनी माईक हातात घेतला. गुरुनाथ मानसीला घेऊन स्टेजच्या अगदी बाजूला उभा होता, आणि पुढारी बोलू लागले तसे त्यानं हात वर केले. तो तिला भाषण सांगणार होता. आता मंडपातल्या लोकांना हे पाहायला मिळालं की एकीकडे पुढारी आणि दुसरीकडे गुरुनाथ. टीव्हीवर बहिऱ्यांच्या बातम्यांत दाखवतात तसंच. पुढाऱ्यांनाही ते दिसलं. आपलं भाषण कुणी हातांनी सांगतो आहे हे पाहून ते फुलले आणि आणखी लांबले. समाज, विकास, युवक, परंपरा. गुरुनाथनं सुरुवातीला दोन-चार खुणा केल्या, मग बराच वेळ हात बांधून ऐकत राहिला. पुढाऱ्यांनी थांबून त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा त्यानं एक मूठ गरगर फिरवली, दुसऱ्या हाताचा रिकामा तळवा मानसीला दाखवला आणि पुन्हा हात बांधले. मानसी खो खो हसत सुटली. पुढारी खुश होऊन म्हणाले, बघा, लहान मुलांनासुद्धा मुद्दा पोचला. टाळ्या झाल्या.

जेवणाच्या पंगतीत मी त्याला विचारलं, काय सांगितलंस? तो पानातल्या वड्याकडे बघत म्हणाला, "लूम चालू हाय, कापड न्हाय."

मला वाटतं या तालुक्यात इतकी नेमकी समीक्षा कुणी केलेली नाही.

हरेशदादा त्याच्यावर रागावला. पाहुण्यांसमोर चेष्टा केलीस म्हणाला. हरेशदादा वाईट माणूस नव्हता. मानसीला तो नव्या फ्रॉकपासून सायकलपर्यंत काय हवं ते आणून द्यायचा. फक्त तिच्याशी बोलायचा नाही. 'जेवलीस का' एवढी एकच खूण त्याला यायची आणि ती तो दिवसाच्या कुठल्याही वेळी करायचा. गुरुनाथनं त्याच्यावर किराणावाल्याचा प्रयोग करून पाहिला, पण हरेशदादा सरळ उठून जायचा. मला वेळ नाही, तू आहेस ना, म्हणायचा. गावातले सगळे काका-मामा थोड्याफार फरकानं हेच म्हणायचे. गुरुनाथ आहे ना. मानसीला काही सांगायचं असलं की ते गुरुनाथला सांगायचे, तिला काही विचारायचं असलं की गुरुनाथला विचारायचे, आणि मानसी मधे उभी राहून आपल्याबद्दल चाललेलं बोलणं बघायची. एकदा गुरुनाथ मला म्हणाला होता, "सर, किराणावाला बोलतो, रिक्षावाला बोलतो. घरचेच बोलत न्हाईत. मी मधे उभा हाय म्हणून."

तो खोकायचा पहिल्यापासून. लूमवरच्या सगळ्यांनाच खोकला असतो, त्यात विड्या. मग एका वर्षी गणपतीनंतर खोकला बसला तो उठला नाही. ताप आला, छातीत पाणी झालं आणि बायपासवरच्या एका हॉस्पिटलात त्याला ठेवावं लागलं. चाळिशी त्यानं ओलांडली नव्हती. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा तो अतिदक्षता विभागात होता. तोंडावर मास्क घट्ट बांधलेला, त्यामुळे बोलता येत नव्हतं. आत एका वेळी एकालाच सोडत आणि तेही क्षणभर. बाकीच्यांनी बाहेरच्या मोठ्या काचेतून बघायचं. डाव्या हाताला सलाईन होतं. उजवा मोकळा होता.

संध्याकाळची भेटायची वेळ होती. काचेपाशी आय, हरेशदादा, वैशाली, मानसी आणि कारखान्यातून आलेले नसीमभाई उभे होते. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं का, हे हरेशदादा गुरुनाथला विचारणार होता. डॉक्टर म्हणाले होते, पेशंट शुद्धीत आहे, त्याचं मत घ्या. हरेशदादा काचेसमोर उभा राहून दोन्ही हात हलवू लागला. मुंबई म्हणून त्यानं एक दिशा दाखवली, गाडीचं स्टिअरिंग फिरवलं, मग अंगठा हलवून हो की नाही विचारलं. इतकं न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला कळलं, नर्सला कळलं. गुरुनाथ बघत होता. त्यानं उजवा हात हळू उचलला आणि मानसीकडे बोट दाखवलं.

हरेशदादानं पुन्हा तेच केलं. गुरुनाथनं पुन्हा मानसीकडे बोट दाखवलं आणि डोळे मिटून घेतले.

वैशाली हळूच म्हणाली, "दादा, तो बोलतो, तिला विचारा."

हरेशदादाला काय करावं कळेना. मग तो वळला. पुतणीच्या समोर उभा राहिला, तिच्या उंचीला यायला थोडा वाकला आणि जे हात मघापासून काचेपुढे नाचत होते ते तिच्यापुढे धरले. घाबरत, चुकत त्यानं तेच विचारलं. मानसीनं त्याची करंगळी धरून सरळ केली. मग काचेवर बोट वाजवलं. आवाज गेला नसावा, पण गुरुनाथनं डोळे उघडले. तिनं विचारलं. त्यानं उजव्या हातानं उत्तर दिलं. एका हातानं बोलणं म्हणजे आपण घास तोंडात घेऊन बोलतो तसं, अर्धे शब्द गिळलेले. तरी तिला कळलं. तिनं काकाकडे वळून नाही सांगितलं, आणि त्याला ते कळेपर्यंत पुन्हा सांगितलं.

मग प्रत्येकाला तेच करावं लागलं. आयला विचारायचं होतं, पेज देतात का. तिनं मिशांच्या मांजरासारखीच स्वतःची काहीतरी खूण केली. मानसीनं ती आत पोचवली आणि उत्तर बाहेर आणलं. मामेभाऊ आले, शेजारी आले, त्यांनी काचेकडे बघून हात हलवले की आतलं बोट पोरीकडे वळायचं. तो दमला आहे म्हणून असं करतो, असं मला आधी वाटलं. नसीमभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "थका नहीं है। काम कर रहा है।"

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही हेच. हरेशदादाला तोपर्यंत ताप, डॉक्टर, औषध आणि झोप यांच्या खुणा आल्या होत्या. त्या तो काचेपासून लांब, चहाच्या टपरीवरसुद्धा मानसीला करून दाखवायचा आणि बरोबर आहे का असं भुवयांनी विचारायचा.

त्यानंतर गुरुनाथ गेला. उत्तरकार्याला प्रवचन झालं, त्याच पुढाऱ्यांनी दोन शब्द सांगितले आणि गुरुनाथ माझ्या फार जवळचा होता असं म्हणाले. ते सगळं रीतीप्रमाणं झालं आणि त्याबद्दल मला लिहायचं नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते हॉस्पिटलातल्या त्या तिसऱ्या दिवशी. वेळ संपत आली होती. बाकीचे चहाला खाली उतरले होते, मी बाकावर बसलो होतो आणि मानसी एकटी काचेपाशी होती. ती दोघं वाद घालत होती. मला त्या भाषेतले थोडेच शब्द येतात, पण वाद कुठल्याही भाषेत ओळखता येतो. 'शाळा' आणि 'उद्या' एवढं मी धरलं. ती तीन दिवस शाळेत गेली नव्हती आणि तो तिला जा म्हणत होता. ती मान हलवत होती. तो पुन्हा जा म्हणाला. हात उचलताना त्याला कष्ट होत होते, पण मुद्दा सोडायला तयार नव्हता. शेवटी तिनं खांदे पाडले आणि काहीतरी अट घालायला सुरुवात केली. दोन खुणा झाल्या होत्या, तिसरीसाठी हात वर गेला होता. तेवढ्यात आतून नर्सनं पडदा ओढला.

हात तसाच हवेत राहिला. पडदा पुन्हा उघडेल म्हणून ती थोडा वेळ थांबली. तो उघडला नाही. मग ती वळली. समोर मी होतो. राहिलेलं वाक्य तिनं मला सांगितलं, सावकाश, परक्या माणसाला सांगतात तसं सुटं सुटं करून. उद्या जाईन, पण डबा आयनं केलेला पाहिजे, आईचा नको, त्यात तिखट नसतं.

मला ते सगळं कळलं. ठीक आहे, आयला सांगतो, असं मी म्हटलं. मग हात खाली घेतले आणि आम्ही दोघं जिन्यानं खाली उतरलो.